डॅडींवरचा जोक

ॲलरॉय न्यूयॉर्कमध्ये टीव्हीसाठी विनोद लिहायचा, बहुतेक मरणावरचे. दहा वर्षांपूर्वी त्याने वडिलांच्या फ्युनरलवरही लिहिला आणि कॅनडात ब्रॅम्पटनला राहणाऱ्या बहिणीने, मेव्हिसने, बोलणं टाकलं. आता कॅन्सरने खंगलेल्या मेव्हिसनेच त्याला बोलावून घेतलं. "डॅडींवरचा तो जोक सांग," ती म्हणाली. तो गोंधळला. ही माफ करतेय की भांडतेय? चाचरतच त्याने सांगितलं, "आमचे डॅडी जन्मात पहिल्यांदा वेळेवर निघाले, तर शववाहिनीच बर्फात रुतली." मेव्हिस हसली नाही. "तू आलाच नव्हतास. गाडी रुतल्याचं मीच तुला फोनवर रडत सांगितलं होतं. चाकांखालचा बर्फ मी फावड्याने शोव्हल केला, काळ्या ड्रेसमध्ये. तुझ्या जोकमध्ये मी कुठे आहे?" ॲलरॉयने खुर्ची जवळ ओढली. "सांग, त्या दिवशी काय काय झालं?" तिच्यासाठी आणलेलं सूप गार झालं, तरी मेव्हिस सांगतच होती.