थर्माकोलचा कप

ज्वालामुखीच्या बेटाचा कडा कधीकाळी समुद्रात कोसळला होता. ती दरड तळाशी कुठवर पसरलीय, ते जहाजावरून मोजायला आई निघाली. लेकीने थर्माकोलच्या कपावर चित्र काढून दिलं: घरापाशी ती आणि बाबा, कपाच्या पार पलीकडे जहाजात आई. “आई एवढ्या लांब?” बाबाने विचारलं. “लांबच असते ती. आणि आई, कप जसाच्या तसा परत आण.” जहाजावर आई कामाची पाळी संपवून झोपली, तेवढ्यात सहकाऱ्यांनी अशा मोहिमांच्या रिवाजाप्रमाणे, आठवण म्हणून कौतुकाने कप मोजणीच्या यंत्राला बांधून खोल पाण्यात सोडला. वर आला तो दाबाने आक्रसून, अंगठ्याएवढा होऊन. घरी पोचल्यावर आईने चोरासारखी मूठ उघडली. “रुसू नकोस गं.” लेकीने कप बोटावर चढवला, फिरवून फिरवून न्याहाळला. मग ती स्वयंपाकघराकडे धावली. “बाबा, हे बघ, आता आई आपल्या घराच्या किती जवळ आलीय.”