पाहून झालेला शनी

मोटर बारीक घरघरली आणि दुर्बीण आपोआप वळली. दक्षिणेकडे थोडी कलून थांबली. राजानंद सरांचा हात सवयीने नळीकडे गेला, तशी प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, हात नका लावू. ती धरून ठेवती शनीला आता."

सरांनी हात मागे घेतला आणि कंबरेवर ठेवला. हाताला काम नसलं की कंबर जास्तच ठणकते. हे त्यांना आजच कळत होतं.

वाटूरच्या शाळेमागचं मैदान आणि शनी दिसायच्या दिवसांतली दिवेलागणीची वेळ. तिथं गावाला तो दाखवायचा, हा सरांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. विज्ञान शिकवत होते तेव्हा सुरू केलेला. नोकरी सुटली, रिवाज सुटला नाही. दुर्बीण त्यांनी स्वतःच बनवलेली, लाकडी बैठकीची, हाताने ढकलायची. आता शनीला एका जागी थांबणं माहीत नाही. फिरते पृथ्वी आणि बदनाम होतो तो, पण नळीतून बघता बघता निसटतो हे खरं. मग सरांनी वाकायचं, त्याला शोधायचं, मधोमध आणायचं, बाजूला होऊन "बघा" म्हणायचं. पुढच्या माणसासाठी पुन्हा वाकायचं. रांग संपेपर्यंत कंबरेचा पार भुगा व्हायचा.

म्हणून पुण्याला कंपनीत असलेल्या लेकीने या सुट्टीत बैठकीला दोन मोटर बसवल्या. दातेरी चाकं लावली, हातात धरायचं बटणांचं एक यंत्र जोडलं. सुरुवातीला दोन तारे दाखवून द्यायचे, बाकीचं आकाश ते आपलं आपण ओळखतं. सरांनी सगळं पाहिलं, मान हलवली, पण मनात काही उमललं नाही. घोडं म्हातारं झाल्यावर नवं खोगीर काय कामाचं?

कारण त्यांचं ठरलं होतं. उद्या अंबडच्या एका शाळेची गाडी येणार होती आणि दुर्बीण घेऊन जाणार होती. सकाळीच त्यांनी बायकोला, कांताबाईंना, सांगून टाकलं होतं. "थकलो मी आता. अन् गावाचं तर पाहून झालं. लहानथोर कोणी राह्यलं न्हाई. मंग कोणासाठी मरमर करायची?" कांताबाई बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधत राहिल्या. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पांढरा उजेड बोचतो, म्हणून हे काम दरवर्षी त्यांच्याकडे.

सरांचं म्हणणं खोटं कसं म्हणावं? आजची रांग बघा. शाळेतली चार पोरं आणि गावात नव्याने आलेल्या दोन सुना. बाकी जुनी मंडळी लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली होती. त्यांत रामराव पुढे. पहिल्या वर्षी हेच रामराव साडेसातीच्या धाकाने चपला काढून दुर्बिणीपुढे आले होते. सरांनी विचारलं होतं, "दिसला का?" रामराव म्हणाले होते, "दिसला, सर." तेव्हापासून ते दरसाल न चुकता येतात आणि "आमचं पाहून झालंय, पोरांना दाखवा" म्हणत कट्ट्यावर बसतात. त्या एका "दिसला"वर सर कितीतरी वर्षं जगले होते. एका माणसाचा तरी धाक आपण मोडला, असं त्यांना वाटायचं.

पहिला मान नेहमीप्रमाणे कांताबाईंचा. दरवर्षी त्या डोळा लावायच्या, लगेच "दिसला" म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. त्यांच्या शब्दावर सर रांग सोडायचे.

आज कांताबाई वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

पोरांची चुळबुळ सुरू झाली. एक सून पदर सावरून दोनदा पुढे झाली, दोनदा मागे सरली. सर वैतागले. "अगं, झालं का? लोक खोळंबलेत."

"अहो," कांताबाई हळूच म्हणाल्या, "याला तर कडं हाय."

"मंग? इतकी वर्षं दुसरं काय दाखवून राह्यलो मी?"

कांताबाईंनी डोळा काढला नाही. "तुमी बाजूला होऊन मी डोळा लावीपर्यंत तो निघून गेलेला असायचा. नुसता अंधार दिसायचा."

"अन् दिसला कशाला म्हणायचीस मंग?"

"तुमी कंबर धरून उभे असायचे. अजून एकदा कुठं वाकायला लावू तुमाला?"

सरांना राग यायला हवा होता. आला नाही. ज्या कंबरेच्या जोरावर गावाला शनी दाखवला असं वाटत होतं, त्याच कंबरेपायी तो घरच्या माणसाला सुद्धा दिसला नव्हता. त्यांनी आधारासाठी कट्ट्याकडे पाहिलं.

"रामराव, तुम्ही तर बघितलाय ना?"

"सर, तुमी त्या दिवशी लई दमल्ते," रामराव एवढंच म्हणाले. मग कट्ट्यावरून उतरले, चपला तिथंच काढल्या आणि पोरांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारचे उठले, मग त्यांच्या पलीकडचे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाहून झालेलं सगळं गाव एकेक करून रांगेला लागलं.