काम काय करता?

या माउलींनो, असे जवळ सरका, एका प्रश्नाची गोष्ट सांगतो. तीनशे वर्षांमागं इटलीत रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांची शिकवण अशी, की रोग्यापाशी नीट टेकून बसा आणि विचारा, "बाबा रे, तू काम काय करतोस?" चाकणच्या डॉक्टर अवधूतांना ही शिकवण तोंडपाठ. खोकत आलेल्या समाधान नावाच्या रोग्यालाही त्यांनी विचारलंच. "कंपनीत हाय," तो म्हणाला. आता चाकणात कोण कंपनीत नाही? डॉक्टरांनी कागदावर 'कंपनी' लिहिलं आणि खोकल्याचं औषध दिलं. वर्षभर तेच औषध चाललं.

आज त्याची बायको वर्षाली रिकाम्या कपाळानं एकटीच आली. उरलेली बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात कळलं, छातीत वाळूची धूळ साठली व्हती. आठ वर्षं हे फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू झाडायचे."

डॉक्टर कळवळले. "अहो ताई, मी विचारलं होतं! मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगणारच व्हते. 'कंपनीत हाय' म्हणून दम घ्यायला थांबले, तवर तुमी पुढच्या पेशंटला हाक मारली."

रामाझिनींना जग विसरायचं नाही, माउलींनो. तुम्ही दम घ्यायला थांबलेल्या समाधानची तेवढी आठवण ठेवा.