चौथी चिठ्ठी

पावणेदहाला फ्रीजरने शिट्टी फुंकली आणि काका नेहमीप्रमाणे "आलो, आलो" म्हणत उठले.

बाई जाऊन तीन महिने झाले होते. असताना त्या बरोबर याच वेळेला प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या. दाराला फट राहिली की ही शिट्टी वाजते, म्हणून मेकॅनिकने दोनदा येऊन दाराचं रबर बदललं आणि दोष रबराचाच होता असं लेखी दिलं. काकांनी त्या कागदावर मुकाट्याने सही केली. ते इथले तंत्रज्ञ, शिवाय बाईंचे नवरे. बत्तीस वर्षं एकाच खोलीत दोन्ही नोकऱ्या केल्यावर माणसाची वाद घालायची सवय जाते.

आज मात्र वाद होता. खिडकीशी जाळीच्या पेट्यांत रेशमाचे पतंग सकाळपासून कोषातून बाहेर येत होते. तासाभरात त्यांच्या पोटाचे स्नायू काढून गोठवायचे होते, आणि फ्रीजरमध्ये एका डब्याचीही जागा नव्हती. म्हणजे एका डब्याची होती, पण तिथे बाईंच्या शेवटच्या हंगामाच्या नळ्या बसल्या होत्या.

टाकायच्या वस्तूंचा नियम बाईंनीच घातलेला. चौघांनी लाल चिठ्ठी चिकटवली की वस्तू त्याच दिवशी बाहेर. आपली चिठ्ठी आपण सोलून काढावी, दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावू नये. हा नियम त्यांनी युबिक्विटिनकडून उचलला होता. शरीरातलं एखादं प्रथिन कामातून गेलं की पेशी त्याला या इवल्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकवते. चारांची माळ झाली की रवानगी थेट भरडायला. तिचं जनुकही मोठं गमतीचं. एकच मजकूर, पाठीला पाठ लावून, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता पुन्हा पुन्हा लिहिलेला. "शाळेत शिक्षा देतात तसा," बाई म्हणायच्या. आणि त्यातून निघणारी चिठ्ठी पतंगात नि माणसात हुबेहूब एकच. एरवी हे जनुक मंद तेवत असतं. पण ज्या स्नायूंच्या जोरावर पतंग कोषातून बाहेर पडतो, त्या स्नायूंत ते ऐन वेळी असं भडकतं की दीड दिवसात स्नायूच विरघळून जातात. काम झालं, आता निघा.

आजारात दंड वाळायला लागले तेव्हा बाईंनी जेवणाच्या टेबलावर बाही वर करून दाखवली होती. "बघा, चालू झालंय." काकांनी त्यांच्या ताटात आणखी थोडं वाढलं होतं.

डब्याच्या झाकणावर तीन चिठ्ठ्या होत्या. एक धाकट्या बाईंची, दोन त्यांच्या विद्यार्थिनींच्या. धाकट्या बाई म्हणजे बाईंच्याच हाताखाली तयार झालेल्या, आता विभागप्रमुख. पंधरा दिवस त्या काकांना आधी मऊ, मग जरा कमी मऊ आवाजात समजावत होत्या. नोंदवही सापडत नाही, नळ्यांवरचे आकडे कशाचे ते फक्त बाईंना ठाऊक, तेव्हा या नळ्यांचा कुणाला काही उपयोग नाही. काकांना सगळं मान्य होतं. त्यांची चिठ्ठी पंधरा दिवस खिशात होती. शर्ट बदलला की ती खिसा बदलायची.

"काका, मलाही जड जातंय," धाकट्या बाई म्हणाल्या. "पण पतंग थांबायचे नाहीत."

"पुसून तर घेऊ दे. बर्फावर चिठ्ठी चिकटत नाही."

हे खरं होतं, म्हणून त्या दाराशी जाऊन थांबल्या. काकांनी हातमोजे चढवले, डबा बाहेर काढला आणि पुसायला घेतला. झाकण पुसलं, कडा पुसल्या, कोपरे पुसले. अंघोळ लांबवावी तसं ते काम लांबवत होते. मग पुसायला तळाशिवाय काही उरेना, तेव्हा डबा उलटा केला. तळाला बोटभर बर्फ होतं. ते खरवडता खरवडता खालून लाल दिसलं.

चिठ्ठीवर बाईंची शेपटीवाली सही होती आणि तारीख होती. तो सोमवार काकांना चांगला आठवत होता. त्या दिवशी बाईंना एका नळीचं झाकण फिरेना. "अहो, तुम्ही उघडा," म्हणून त्यांनी नळी सरकवली. काकांनी ती एका झटक्यात उघडली आणि वर दंड फुगवून दाखवला. बाई हसल्या. नंतर बराच वेळ त्या फ्रीजरपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

काकांनी वरच्या चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तीनच होत्या.

"तुमची लावलीत का, काका?" धाकट्या बाईंनी दारातून विचारलं.

"लावावी लागली नाही. ही पहिली निघाली." त्यांनी डबा कलता करून तळ दाखवला.

धाकट्या बाई जवळ आल्या. त्यांनी सही वाचली. डबा एका हाताने उचलण्यासारखा होता. तो दोघांनी दोन बाजूंनी धरून नेला.

दुसऱ्या दिवशी पावणेदहा वाजले. नवा डबा आत नीट बसला होता. पेट्यांत पतंग पंख फडफडवत होते. फ्रीजर गप्प होता. काकांनी घड्याळ पाहिलं, खिसा चाचपला, दहा मिनिटं वाट पाहिली. मग ते उठले आणि फ्रीजरचं दार बोटभर उघडं ठेवून पुन्हा जागेवर येऊन बसले.