दोन चमचे द्राक्षासव

हेरंबच्या स्वादुपिंडापाशी साचलेलं पाणी जठरात उतरवणारी ती इवलीशी जाळी आज तिसऱ्यांदा मिटली होती. दारू लागली की ती आपोआप मिटायची, आणि तीनदा मिटलेली जाळी पुन्हा उघडायची नाही, असा आता कायदाच होता.

"आई, तुझी शपथ, थेंबसुद्धा घेतला नाही गं," तो पोट आवळून कण्हत होता.

डॉक्टर इंदुमतीबाईंकडे वळले. "घरातून आसव, अरिष्ट असलं काही दिलंत का? त्यातही मद्यार्क असतो. तसं असेल तर आत्ता उघडतो."

पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून इंदुमतीबाई त्याला रोज दोन चमचे द्राक्षासव पाजत होत्या. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका," असं सून म्हणाली, तेव्हा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर त्यांनी तिचे वाभाडे काढले होते. तीच सून आता दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"छे हो!" इंदुमतीबाई पदर सावरत म्हणाल्या. "पोटचा पोरगा आहे, ओळखून आहे मी त्याला. माझ्याच शपथा घेतो आणि पितो."