कॉम्रेडची कॉफी

बाबांच्या दुखवट्याला आलेल्यांना माझा भाऊ सिनान कडू कॉफी देत होता. सत्ताधारी पक्षाचा कॉम्रेड, म्हणजे आमच्या भागातला कार्यकर्ता, आला, त्याने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने कप असा ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि यजमानाला नाही म्हणता येत नाही. पडद्याआड आम्हा बायकांत बसलेली आत्या पुटपुटली, “फुकटची कॉफीसुद्धा हा मेला फुकट पीत नाही.” युद्धापूर्वी पक्षाची सेना म्हणजे शुक्रवारी मैदानात कवायत करून जेवायला घरी जाणारी हौशी माणसं. इराणशी युद्ध पेटलं तशी ती सेना पावाच्या रांगेतूनही माणसं उचलू लागली. भूगोल शिकवणारे बाबा तसेच गेले, हातात पिशवी घेऊन. परत आली ती पेटी. “घ्या हो कॉम्रेड, गार होतेय,” काका म्हणाले. त्याने कपाला हात लावला नाही. सगळे त्या कपाकडे बघत होते. शेवटी काकांनी रीतीप्रमाणे म्हटलं, “प्या. तुमचं काम झालं समजा.” “काम एवढंच, अबू नाजी,” कॉम्रेड काकांना म्हणाला. “तुमचे भाऊ गेले आणि आमच्या तुकडीत एक जागा रिकामी झाली.” त्याने सिनानकडे पाहिलं. “उद्या याला पाठवा.” काकांची मान खाली गेली. कॉम्रेडने एका घोटात कॉफी संपवली आणि मिशा पुसल्या. “वेलची छान लागतेय,” म्हणत त्याने रिकामा कप पुन्हा पुढे केला, आणि सिनानने तो भरला.