मागे नेलेली तारीख
नवं सुरक्षा सर्टिफिकेट टाकताच रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवर ‘सर्टिफिकेट अजून लागू नाही’ असा इशारा आला, तेव्हा दुरुस्तीवाला कोपऱ्यातल्या तारखेकडे बघतच राहिला. “ताई, इथे अजून मागचाच महिना?” रक्तपेढी सांभाळणाऱ्या ताईंची कळी खुलली. “ती माझीच करामत! जुन्या सर्टिफिकेटची मुदत संपली, सॉफ्टवेअर अडून बसलं. तुमचा पत्ता नाही. मग सरळ तारीखच महिनाभर मागे नेली. तेव्हापासून इशारा गप्प!” त्याने तारीख बरोबर केली. इशारा गेला, आणि साठ्याच्या यादीतल्या हिरव्या ओळी भराभर लाल झाल्या. मुदत संपलेली पिशवी लाल दिसते, हे ताईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टरने खिडकीत रक्ताची रिकामी पिशवी ठेवली. “ही चढवून झाली. दुसरी द्या.” ताईंनी पिशवी उलटली. लेबलावरची मुदत गेल्याच आठवड्यात संपली होती. “द्या ना ताई, पेशंट थांबलाय.”